परक्या नखांचा सूर

माझ्या बायकोच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर परक्या माणसाची नखं आहेत. हे मी रागानं म्हणत नाही, वैद्यकीय माहिती म्हणून सांगतोय. तर्जनीवर एक आणि मधल्या बोटावर एक. बाकीची आठ नखं तिची स्वतःची, लग्नापासून माझ्या ओळखीची. अरुंद, लांबट, जराशी गुलाबी. ही दोन मात्र रुंद आणि सपाट आहेत, त्यांच्यावर बारीक उभ्या रेघा आहेत आणि बुडाशी पांढरी चंद्रकोर एवढी मोठी की चार हातांवरून दिसावी. केतकी चहाचा कप उचलते तेव्हा मला कप दिसत नाही, ती दोन नखं दिसतात.

मी तबला वाजवतो, केतकी सरोद वाजवते. सांगली-मिरजेकडे आमची नावं कार्यक्रमपत्रिकेत एकाच ओळीत छापतात. द्रुत गतीत ती एक तुकडा फेकणार, मी तो झेलून परत फेकणार, आणि समेवर दोघं एकदम येणार. लोकांना हे फार आवडतं. मलाही आवडतं, नाही कशाला म्हणू?

गेल्या उन्हाळ्यात गच्चीचं लोखंडी दार वाऱ्यानं आपटलं आणि तिच्या त्या दोन बोटांची टोकं चौकटीत सापडली. नखासकट, मुळासकट गेली. जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ज्याला सरोद माहीत नाही त्याला ही दोन टोकं म्हणजे काय ते कळणार नाही. सरोदला सतारीसारखे पडदे नसतात. तारांखाली गुळगुळीत पोलादी पत्रा असतो आणि वादक डाव्या हाताच्या नखाच्या कडेनं तार दाबून तिच्यावरून घसरत जातो. बोटाच्या मांसानं दाबली तर आवाज बद्द येतो. नख टणक असलं तर सूर खूप वेळ जिवंत राहतो, मऊ असलं तर लगेच विझतो. म्हणून सगळे सरोदिये नखांना जपतात, बसण्याआधी ती घासून कड सारखी करतात. केतकीची मुळातच मऊ, त्यांना ती लेप लावून वाजवायची. आता तेही गेलं. इस्पितळातून घरी आल्यावर तिनं सरोदला गवसणी घातली आणि कपाटामागे उभा करून ठेवला.

तुटलेले अवयव पुन्हा वाढवणाऱ्या पुण्याच्या केंद्रातल्या डॉक्टर शबाना मुल्ला यांच्याकडे आम्हाला केतकीच्या विद्यार्थ्यांनीच पाठवलं. बाई मिरजेच्याच, त्यामुळे बोलायला मोकळ्या.

"नख म्हणजे मेलेल्या पेशींचा पापुद्रा," त्या म्हणाल्या. "पण त्याचं मूळ कातडीखाली असतं आणि ते जिवंत असतं. बुडाशी पांढरी कोर दिसते ना, ते त्या मुळाचं डोकावणारं टोक. तिथे पेशी जन्मतात, केराटिननं भरतात, मरतात आणि नव्या पेशी त्यांना पुढे ढकलतात. महिन्याला तीनेक मिलिमीटर. हाताची नखं जोरात वाढतात, पायाची रमतगमत."

"पण आमचं तर मूळच गेलं," मी म्हणालो.

"तेच सांगतेय. लहान मुलाच्या बोटाचं टोक तुटलं आणि नखाचं मूळ शाबूत राहिलं, तर टोक पुन्हा उगवतं. हाड, कातडी, शिरा, सगळं. ते मूळच आजूबाजूच्या पेशींना कामाला लावतं. मोठ्या माणसात मूळ असतं, पण त्याचा तो जोर ओसरतो. आम्ही एवढंच शिकलो की मुळाची तांदळाच्या कणीएवढी चकती घ्यायची, तिच्या पेशी वाढवायच्या, त्यांना लहानपणीचा जोर आणून द्यायचा आणि मग ते मूळ थोट्या बोटावर बसवायचं. नख यायला लागलं की त्याच्याखाली बोट येतं."

"मग तिच्याच दुसऱ्या बोटाची घ्या की चकती."

"घेतली. दोनदा. तिच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत तगतच नाहीत. पायाच्या अंगठ्याच्या तगतात, पण आपण पायाच्या आहोत हे त्या विसरत नाहीत. हाताच्या बोटावर पायाचं नख घेऊन काय वाजवणार त्या?"

तेव्हा दाता हवा होता. रक्त जुळायला हवं आणि नख टणक हवं. सर्वांत आधी मी हात पुढे केला. माझं रक्त जुळलं नाही. खरं सांगतो, मला ते लागलं. नवऱ्याचं रक्त बायकोशी का जुळावं, असं डॉक्टर हसत म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, तरी लागलं. मग तिच्या विद्यार्थ्यांनी शिबिर भरवलं, गायक आले, वादक आले, हार्मोनियम दुरुस्त करणारे आले, आणि कोल्हापूरहून सौमित्र राजोपाध्येही आला.

आता सौमित्रबद्दल सांगायलाच हवं. केतकी आणि तो मिरजेत एकाच गुरुजींकडे सरोद शिकले. दोघं शाळकरी वयापासून एका सतरंजीवर बसून वाजवायची. मिरजेत सगळ्यांनी त्या दोघांचं लग्न ठरवून टाकलं होतं, फक्त त्यांनी ठरवलं नव्हतं. मग केतकीनं माझ्याशी लग्न केलं. का केलं, असं मी कधीतरी विचारलं तर म्हणाली, "तू हसवतोस मला. आमच्या सतरंजीवर कुणी हसायचंच नाही." मला हे उत्तर आवडलं होतं. पण विदूषक निवडला जातो तो नक्की कशासाठी, हा विचारही मनात येऊन गेला होता.

सौमित्र आज मोठा कलाकार आहे. त्याचे आलाप ऐकायला परदेशातून माणसं येतात. मी त्याच्या साथीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा काहीतरी कारण काढलं. अर्धा कार्यक्रम तो आलापच करतो आणि आलापात तबलजीला काम नसतं. आपण मांडीवर हात ठेवून बसायचं आणि मान हलवायची.

दाता मिळाल्याचा निरोप पुढे थोड्याच दिवसांत आला. नाव कायद्यानं गुप्त. त्याच आठवड्यात एका संगीत सभेत मला सौमित्र भेटला, तर त्याच्या अनामिकेला पट्टी.

"काय झालं?" मी विचारलं.

"नारळ सोलत होतो, पुष्करजी. कोयता निसटला."

सौमित्र राजोपाध्ये आणि नारळ सोलणार. ज्या माणसानं नखाला ओरखडा येईल म्हणून आयुष्यात स्वतःची बॅग उचलली नाही, तो. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

शस्त्रक्रिया झाली. रोज रात्री मुळाशी एक थेंब औषध घालायचं असायचं, शरीरानं परकं मूळ झिडकारू नये म्हणून. ते काम मी घेतलं. पहिल्यांदा थोट्या टोकावर पारदर्शक पापुद्रा दिसला, मग तो घट्ट झाला आणि त्याच्याखालचं बोट फुगत, लांबत गेलं. मला एखाद्या लहान बाळाकडे बघावं तसा आनंद व्हायचा. हळूहळू नखाला आकार आला. तो केतकीचा आकार नव्हता. एका रात्री थेंब घालता घालता मी ती मोठी चंद्रकोर पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरुषी आहेत गं."

"टणक आहेत," केतकी म्हणाली आणि नखानं टेबलावर टकटक केली. कित्येक महिन्यांनी ती हसली होती आणि मी त्यावरच खट्टू झालो.

तिनं सरोद पुन्हा काढला. नव्या बोटांना अजून स्पर्श कळायचा तो अर्धवट, म्हणून तिनं अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. गुरुजींनी नऊ वर्षांच्या मुलीला शिकवलं होतं तसं. नुसता सा. मग सा ते रे, तार न सोडता. सकाळभर तेच. मी कंटाळून बाहेर जायचो.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. आतल्या खोलीतून एक मींड आली. गंधारावरून निघालेला सूर षड्जाकडे उतरत होता, इतक्या सावकाश की तो कुठे संपला ते कळलंच नाही. संपल्यावरही तो होता. माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं आणि चहा ओट्यावर सांडला. ती मींड सौमित्रची होती. दुसरं कुणीही सूर असा सोडत नाही. बाकीचे सूर थांबवतात, सौमित्र त्याला निरोप देतो.

केतकी कधीच असं वाजवत नसे. तिचं वाजवणं लखलखीत, छोट्या छोट्या तुकड्यांचं, लयीला चिकटलेलं. पंधरा वर्षं मी त्या लयीला ठेका दिला होता. आणि आता माझ्या घरात, माझ्या बायकोच्या बोटांतून, तो माणूस वाजत होता.

"हे काय वाजवलंस?" मी दारात जाऊन विचारलं.

"का? चुकलं?"

"चुकलं नाही. तुझं वाटलं नाही."

तिनं तार निरखून पाहिली, मग नख. "मऊ नखानं सूर टिकायचाच नाही रे. आता टिकतोय. मला कसं वाटतंय सांगू? घशात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं."

तिला हे माझ्याशी बोलवलं तरी कसं, हेच मला कळेना.

त्यानंतर मी तेवढंच ऐकू लागलो. मला सुख म्हणून कसलं उरलं नाही. केतकी भाजी निवडताना त्या नखांनी शेंगांच्या शिरा काढायची, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. झोपेत तिचा हात माझ्या छातीवर पडला की मी तो उचलून बाजूला ठेवायचो. एकदा तिनं विचारलंच, "पुष्कर, तुला माझ्या बोटांची किळस येते का?" मी नाही म्हणालो. किळस येत नव्हती. किळस परवडली असती.

"मग काय झालंय?"

"ही नखं सौमित्रची आहेत."

ती खळखळून हसली. "असली तर? वाजवते तर मी."

"तू नाही वाजवत. तो वाजवतो. मी तबलजी आहे, मला कान आहेत."

"कान आहेत, पण आणखी काही आहे का ते बघ," असं म्हणून ती उठून गेली.

मी डॉक्टर मुल्लांना फोन केला. दात्याचं नाव सांगता येणार नाही, हे त्यांनी मी विचारायच्या आतच सांगितलं. मग मी विचारलं की ही मुळं काढून त्या जागी कृत्रिम नखं बसवता येतील का.

"बसवता येतील," त्या म्हणाल्या. "पण बोटाचं टोक अजून त्या मुळाच्या जिवावर आहे. निदान दोन वर्षं तरी. आज मूळ काढलंत तर खालचं हाड आणि शिरा सुकत जातील. बोट पुन्हा थोटं होईल आणि दुसऱ्यांदा हा उपचार करता येत नाही. का हो, काही त्रास आहे का त्यांना?"

"नाही. सहज विचारलं."

सहज विचारलं. तिची बोटं जातील हे कळल्यावर विषय माझ्या डोक्यातून निघून जायला हवा होता. तो गेला नाही. मी मनाशी म्हणालो, आधी खात्री करून घेऊ. खात्री झाली तर ती स्वतःच म्हणेल की काढून टाका.

औषधांच्या दुकानात हल्ली कुळ-चाचणीची डबी मिळते. दोन नळ्या असतात, त्यात केस किंवा नखाचा कण टाकायचा, डबी घरीच गरम होते आणि फोनवर उत्तर येतं की कोण कुणाचं. लोक भाऊबंदकीच्या भांडणासाठी वापरतात. मी एक आणली आणि तबल्याच्या पावडरीच्या डब्यामागे दडवून ठेवली.

संधी लवकरच आली. गुरुजींच्या पुण्यतिथीला मिरजेत कार्यक्रम होता. पहिल्या भागात केतकी, अपघातानंतर पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या भागात सौमित्र. त्याआधी एकदा दोघांनी एकत्र बसावं, सूर जुळवावेत, म्हणून सौमित्र आमच्याकडे आला. मी चहा केला, आग्रह केला, फार छान वागलो. डोळे मात्र त्याच्या बोटांवर होते. त्याची नखं रुंद आणि सपाट होती, उभ्या रेघांची. मला आणखी काय हवं होतं?

बसण्याआधी दोघांनी नखं घासली. गुरुजींची छोटी कानस सौमित्रकडे असते. त्यांच्याकडे रिवाज असा की मोठ्या शिष्यानं आधी घासायची आणि मग कानस धाकट्याकडे द्यायची. दोघांनी आपापल्या पुढ्यात कागद घेतले होते. सौमित्रनं घासली, कानस केतकीच्या हातात दिली, तिनं घासली. मग दोघं वाजवायला लागली आणि मी कागद आवरून घेतले, घरकामात मदत करणाऱ्या नवऱ्यासारखे. सौमित्रच्या कागदावरची पूड एका नळीत, केतकीच्या दोन बोटांखालची दुसऱ्या नळीत. आत ती दोघं आलाप करत होती. एकाचा सूर कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते मला सांगता येईना. मी न्हाणीघरात डबी गरम करत बसलो होतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. दुसऱ्या नळीत एका पुरुषाचा अंश होता आणि तो पहिल्या नळीतल्या माणसाशी तंतोतंत जुळत होता. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. आपलं खरं निघालं याचा तो ओंगळ आनंद.

केतकी रियाजाला बसली होती. मी फोन तिच्यासमोर सरोदवरच ठेवला.

"वाच. आणि मग मला सांग की मला वेड लागलंय."

तिनं तार छेडायचा जवा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि वाचू लागली. मी बोलत सुटलो. त्यानं नारळाची थाप मारली, तुम्ही दोघांनी मला हसण्यावारी नेलं, आता या घरात एक तर ती नखं राहतील नाहीतर मी राहीन. सगळं बोलून घेतलं. ती वाचतच होती.

"यात तीन माणसं आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तू दोनच मोजलीस. हे बघ. दुसऱ्या नळीत तीन जणांचे अंश. एक बाई, ती मी असणार, बोटाची कातडी माझीच आहे. दुसरी एक बाई, तिचा अंश सगळ्यांत जास्त. आणि एक पुरुष, नावापुरता." तिनं मान वर केली. "पुष्कर, आम्ही दोघांनी एकाच कानशीवर नखं घासली. आधी त्यानं, मग मी. त्याची पूड कानशीच्या दातांत राहिली आणि माझ्या कागदावर पडली. मूल नसलेल्या माणसानं कुळ-चाचणीची डबी आणली आणि ती नीट वाचलीही नाही."

मी फोन घेतला. तिथे लिहिलं होतं. अनोळखी स्त्री. मी आधीही ती ओळ पाहिली असणार, पण डोळे पुढे धावले होते.

नखं कुणा बाईची होती. कुठली तरी, नाव नसलेली, टणक नखांची बाई, जिनं आपल्या बोटाची कणीएवढी चकती अनोळखी माणसासाठी दिली. माझ्या अंगातला सगळा ताण उतरला. मी तिथेच सतरंजीवर बसलो आणि हसायला लागलो.

"म्हणजे सौमित्रचं काही नाही. मग झालं तर. सुटलो बाबा."

केतकी हसली नाही.

"मग तो सूर कुणाचा?" तिनं विचारलं.

मी फोनचा पडदा विझवला.

"नखं त्याची नाहीत. त्या बाईनं आयुष्यात सरोद पाहिला नसेल. तुला कान आहेत, तूच म्हणतोस. मग सांग की मला, त्या सकाळी तुझा चहा सांडला तो सूर कुणाचा होता?"

मला उत्तर येत होतं.

"आपल्या लग्नानंतरचा पहिला कार्यक्रम आठवतो?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "इचलकरंजीला. मी आलाप जरा लांबवला. मला लागला होता तो राग. परत येताना गाडीत तू एक शब्द बोलला नाहीस. घरी आल्यावर म्हणालास, त्याच्यासारखं वाजवायचं होतं तर मला कशाला नेलंस. पुढच्या वेळी मी आलाप आखूड केला. तू खूश होतास, मला हसवत होतास. मग मी आणखी आखूड केला. नखं मऊ आहेत, सूर टिकत नाही, असं मीही स्वतःला सांगितलं. या बोटांनी पहिल्यापासून शिकायला लागले तेव्हा मला आठवलं की मी कशी वाजवायची."

मला रागावायला कुणीतरी हवं होतं. सौमित्र हाताशी नव्हता, नखं हाताशी नव्हती. समोर फक्त केतकी होती आणि ती माझ्यावर रागावलेलीसुद्धा नव्हती.

"आता काढून टाकायचं तर काय काढून टाकणार?" ती म्हणाली. "परवाच्या कार्यक्रमात मी आलाप करणार आहे. मला हवा तेवढा. तुला साथीला बसायचं असेल तर बस, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला विचारते. पण आत्ता सांग."

"बसेन," मी म्हणालो. दुसरा कुणी तिच्याशेजारी बसलेला मला चालला नसता. खरं कारण तेवढंच होतं.

मिरजेच्या त्या सभागृहात, पडद्यामागे, सौमित्र माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. केतकी सरोद लावत होती. सौमित्रच्या अनामिकेवर कोयत्याचा आडवा व्रण होता, चक्क नारळ सोलणाऱ्या माणसाचा; घरी आला तेव्हा मी फक्त त्याची नखंच पाहिली होती. मला त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण सवय मोडल्यासारखी झाली होती.

"तुम्हाला एक सांगू, पुष्करजी?" तो म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या घरी तिची मींड ऐकली आणि मला घरी जाऊन झोप लागली नाही. हेवा वाटला हो."

"तुम्हाला? तिची मींड तर तुमच्यासारखी आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो होतो.

"माझ्यासारखी? अहो, गुरुजी मला पट्टीनं मारायचे आणि म्हणायचे, केतकी सूर कसा सोडते ते ऐक, गाढवा. मी तिचं ऐकून ऐकून शिकलो. नंतर तिनं तसं वाजवणंच सोडलं. का ते मला कधी कळलं नाही, विचारणं बरं दिसलं नसतं. मग मी आपला आठवेल तसं वाजवत राहिलो. लोक त्याला माझी शैली म्हणतात." तो ओशाळून हसला. "आता खरी मालकीण परत आली. माझं अवघड आहे."

निवेदकानं आमची नावं घेतली. मी यंत्रासारखा जाऊन बसलो, तबला लावला, हात मांडीवर ठेवले. समोर पहिल्या रांगेत सौमित्र येऊन बसला आणि त्यानं डोळे मिटले.

केतकीनं षड्ज लावला. ती दोन रुंद, सपाट नखं पोलादावरून सरकायला लागली आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघायचं विसरलो. तिनं गंधार घेतला, तो धरून ठेवला, आणि मग त्याला निरोप दिला. सौमित्रचा नव्हे, तिचा निरोप. सौमित्रच्या कार्यक्रमांत लोक जे ऐकायला येत होते ते सगळं इथे होतं आणि त्यापलीकडेही बरंच होतं, कारण तो आठवून वाजवत होता आणि हिला आठवावं लागत नव्हतं.

मला मत्सर वाटत होता. पहिल्या रांगेतल्या त्या माणसाचा. त्यानं हे लहानपणापासून ऐकलं होतं. शाळा सुटल्यावर, पावसात, परीक्षेच्या दिवसांत, एका सतरंजीवर बसून फुकट ऐकलं होतं, आणि नंतर मिळालं नाही तर जपून ठेवलं होतं. मी हिच्याशी लग्न केलं, पंधरा वर्षं हिच्या हाताला हात लावून बसलो, आणि मी काय ऐकलं? मला हवं ते.

आलाप संपत आला. केतकीनं गतीचा मुखडा उचलला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि नेहमीसारखी मान हलवली. आता तबला यायला हवा होता. सगळं सभागृह माझ्या हातांकडे बघत होतं. सौमित्रनंही डोळे उघडले.

मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

ती गोंधळली. तिनं मुखडा पुन्हा घेतला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे झुकून तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "अजून आलाप कर. मी थांबतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्या, ते मला सांगता येणार नाही. तिनं मुखडा सोडला आणि पुन्हा षड्जावर गेली. लोकांना वाटलं असेल, तबलजी चुकला. वाटू दे. सौमित्रनं जेवढं ऐकलं होतं, निदान तेवढं तरी मला ऐकायचं होतं.